पाणी तोडलेली वर्षं

माझ्या डाव्या मांडीवर, गुडघ्यापासून वीतभर वर, रुपयाएवढा काळपट डाग आहे. मध्यंतरी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि गजकर्णाचं मलम लिहून दिलं. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि गप्प बसले. तो डाग माझ्याच नखाने पडलाय आणि तिथे खाजवलं की मला लघवी होते, हे सांगायला लागले असते तर बाहेर बसलेले पेशंट आपापली दुखणी विसरून आत आले असते.

लघवी हा शब्द मी मुद्दामच सुरुवातीला लिहून टाकला. माझं अर्धं आयुष्य तो टाळण्यात गेलं. आमच्या घरात त्याला 'ते' म्हणायचे. 'ते झालं का', 'ते बदललं का'. एवढ्याशा शब्दाला घाबरून आम्ही माझी एक किडनी घालवली, म्हणून आता मी तो लिहिते.

मी जन्मले तीच कंबरेच्या खाली लिंबाएवढी गाठ घेऊन. मणका तिथे बंदच झालेला नव्हता. नाशिकच्या डॉक्टरांनी महिन्याच्या आत ऑपरेशन केलं आणि जीव वाचवला. डावा पाय थोडा ओढत राहिला, त्याचं कुणाला फार वाटलं नाही. पण लघवीची जाणीव मला कधी आलीच नाही. भरल्याचं कळायचं नाही, सुटल्याचंही कळायचं नाही. कळायचं ते ओलं झाल्यावर, आणि बऱ्याचदा माझ्या आधी शेजारणीला.

आमचं घर मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या कडेला. दोन एकर द्राक्षं आणि अर्धा एकर गुलाब. माझे वडील, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं आणि मीही अण्णाच म्हणायचे, कलम करण्यात पटाईत होते. रानटी खुंट चिरायचा, त्यात चांगल्या जातीची काडी बसवायची, सालीला साल भिडवायची, पट्टीने घट्ट बांधायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात पंचक्रोशीतून त्यांना बोलावणी यायची. त्यांनी भरलेली काडी मरत नाही, असं लोक म्हणायचे. काडी जिवंत आहे का हे बघायची त्यांची रीत एकच होती. अंगठ्याचं नख सालीवर हळूच ओढायचं. आत हिरवं दिसलं की काडी जिवंत. मग ते काडीलाच सांगितल्यासारखं म्हणायचे, "हिरवं हाय."

चौथीत असताना शाळेत माझ्या बाकाखाली ओघळ गेला. बाईंनी कुणाला हसू दिलं नाही, पण मधल्या सुट्टीत शेजारची मुलगी दप्तर उचलून मागच्या बाकावर गेली ती परत आली नाही. घरी येऊन मी शाळा सोडणार म्हणून जाहीर केलं. आई पदर डोळ्याला लावून बसली. अण्णा बागेतून आले, हातपाय धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "बाई, छाटणीच्या आधी आपण बागेला काय करतो?"

"पाणी तोडतो."

"का तोडतो?"

"ताण द्यायला."

हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. छाटणीआधी काही दिवस द्राक्षबागेचं पाणी बंद करतात. वेल जरा सुकते, पानं गळतात, नुसती वाढायचं सोडून फळाच्या तयारीला लागते. त्याला ताण देणं म्हणतात. तो नेमका देता आला पाहिजे, कमी पडला तरी वाया, जास्त झाला तरी वाया. अण्णांना तो नेमका द्यायला यायचा.

"मग शाळेच्या दिवशी तूबी ताण दे," ते म्हणाले. "उठल्यापासून शाळा सुटेस्तवर पाण्याला शिवू नको. नाय पाणी, तर नाय ओलं."

किती सोपं होतं! आणि ते लागू पडलं. सकाळी चहाचा घोट, मग संध्याकाळी पाचपर्यंत काही नाही. एप्रिलच्या उन्हातही नाही. घशाला कोरड पडायची, डोकं दुखायचं, पण फ्रॉक कोरडा राहायचा. वर्गात पहिली आले तेव्हा अण्णा सगळ्यांना सांगत सुटले, "ताण दिला की फळ धरतंच." मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे लग्नाला जायचं तर आदल्या दिवसापासून पाणी बंद, जत्रेला जायचं तरी बंद. आई देवाचा उपास धरायची, मी पाण्याचा धरायचे. नव्वदचं जवळजवळ सगळं दशक मी असं तहानेत काढलं.

अधूनमधून ताप यायचा, हुडहुडी भरायची. गावचा डॉक्टर मलेरियाची गोळी द्यायचा. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर ताप उतरेचना तेव्हा नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि अण्णांना जवळ बोलावून पडद्यावर दाखवलं. उजवी किडनी सुकून गेली होती. मूत्राशय नीट रिकामं होत नव्हतं, साचलेली लघवी वर उलटत होती, आणि पाणी न प्यायल्याने आतली घाण कधी धुतलीच गेली नव्हती.

"पाणी किती पिते ही?" त्यांनी विचारलं.

आईने सांगितलं. अगदी सरळपणे, आपण किती काळजी घेतो हे कुणी सांगावं तसं सांगितलं. डॉक्टर खुर्चीतून उठले. "अहो, पोटच्या पोरीला असं कोरडं ठेवतं का कुणी?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेरची नर्स आत डोकावली. अण्णा जमिनीकडे बघत होते. त्या दिवसानंतर आमच्या घरात ताण हा शब्द कुणी काढला नाही. बागेचं पाणी तोडायची वेळ आली की अण्णा गड्याला नुसतं म्हणायचे, "मोटार बंद ठेव."

मग नळी आली. दर चार तासांनी पातळ रबरी नळी आत सारून मूत्राशय रिकामं करायचं. आधी आई करायची, मग आरसा घेऊन मी स्वतः शिकले. नळी उकळायचं पातेलं वेगळं होतं, त्यावर आईने लाल रंगाचा ठिपका दिला होता. तरीही दोन-दोन महिन्यांनी ताप येतच राहिला आणि खोकलं, शिंकलं तरी ओलं व्हायचं थांबलं नाही. डाव्या किडनीवर सूज दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, "ही एक उरलीये. ही गेली तर डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल." मी तेव्हा वीस वर्षांची होते. बारीकसारीक गोष्टींवरून कपबशा आपटायचे, आणि आई मुकाट्याने काचा गोळा करायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्याच डॉक्टरांनी एकदा अण्णांना आणि मला समोर बसवलं आणि कागदावर पाठीचा कणा काढला. चीनमध्ये एक नवी शस्त्रक्रिया निघालीय आणि मुंबईतले एक सर्जन ती करून बघतायत, असं ते म्हणाले. मूत्राशयाकडे जाणाऱ्या माझ्या नसांपर्यंत वरून हुकूम पोचत नव्हता. पण पायाकडे जाणाऱ्या नसा बऱ्यापैकी चांगल्या होत्या. त्यातल्या एका नसेचं मूळ कण्याजवळ कापायचं आणि मूत्राशयाच्या नसेला जोडायचं. जोड धरला, नस वाढत वाढत खाली पोचली, तर मांडीची कातडी खाजवल्यावर पाय हलवायचा जो निरोप निघतो तो मूत्राशयाला जाईल. ते आवळेल आणि रिकामं होईल.

मला काही कळेना. अण्णा मात्र पुढे सरकून बसले होते.

"म्हंजे कलम," ते म्हणाले.

डॉक्टर हसले. "हो काका, तसंच समजा."

"खुंट पायाचा, काडी मुताची." जन्मात पहिल्यांदा आमच्यापैकी कुणी तो शब्द परक्यासमोर उच्चारला. "बांधता कशानं?"

"केसाहून बारीक दोऱ्याने. भिंगाखाली."

"आन् फुटतं कधी?"

"नस फार हळू वाढते. वर्ष तरी धरा. आणि धरेलच असं मी सांगत नाही. शिवाय पायाची एक नस कमी होणार. आता ओढत का होईना चालतेय, तो पाय आणखी कमजोर होऊ शकतो."

घरी आल्यावर आई कडाडली. "चालती पोर लोळागोळा करून आणायचीय का तुम्हाला? तुमच्या कलमाची हौस बागेत फेडा." अण्णा उठून बागेत गेले. शेवटी मीच म्हणाले की मला करायचंय. किडनी वाचावी म्हणून, हे खरंच. पण खरं कारण लाजिरवाणं होतं. मला एकदा, फक्त एकदा, कुणाच्या घरी जाऊन पाहुण्यासारखं गादीवर बसायचं होतं. मी कायम फरशीवर बसत आले होते.

ऐन कलमांच्या हंगामात अण्णांनी सगळी बोलावणी परत पाठवली आणि आम्ही मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात महिनाभर राहिलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अण्णा त्या सर्जनना वऱ्हांड्यात गाठून म्हणाले, "साहेब, चिरताना हात थरथरू देऊ नका. आन् एकदा बांधलं की उकलून बघू नका." इतका मोठा माणूस, पण त्याने ऐकून घेतलं. आठ दिवस मी पालथी पडून होते. उठले तेव्हा पाय पहिल्यापेक्षा जड झाला होता. तेव्हापासून काठी आली, ती आजही आहे.

निघताना सर्जननी सांगितलं होतं की सात-आठ महिन्यांनंतर रोज मांडी खाजवायला लागा, नळी घालायच्या आधी. आधी, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण आमच्या घरात ओलं होण्याचा धसका हाडीमाशी खिळलेला. आई म्हणायची, "आधी मोकळी हो बाई, मग काय खाजवायचं ते खाजव. आंथरूण नको भिजाया." मलाही तेच बरं वाटायचं. मी आधी नळीने रिकामी व्हायचे आणि मग भक्तिभावाने पंधरा मिनिटं मांडीवर नख ओढायचे. कातडी सोलवटली, खपली धरली, पुन्हा सोलवटली. काही झालं नाही. रिकाम्या घागरीतून काय सांडणार होतं? हे आज हसून लिहिते. तेव्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. ज्या माणसाला बागेतल्या प्रत्येक वेलीची तहान कळायची, त्यालाही नाही.

वर्ष होऊन महिना झाला तेव्हा तपासणीला बोलावलं. मी आणि अण्णा सकाळच्या गाडीने निघालो. गाडीतला संडास मला काठीसकट झेपत नसे, म्हणून मी आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं सोडलं. कुणी सांगितलं नाही, मी कुणाला विचारलं नाही. जुनी सवय होती. इस्पितळात पोचल्यावर तपासणीआधी नळीने पूर्ण रिकामीही झाले. टेबलावर पांढरी चादर होती, आणि एका तरुण डॉक्टरामागे शिकाऊ मुलं वह्या घेऊन उभी होती. माझ्याच वयाची.

"पाणी पिऊन आलात ना? लघवीची पिशवी भरलेली आहे ना?" त्या तरुण डॉक्टरने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ते खोटं मी का बोलले? त्या मुलांसमोर ती चादर भिजली असती म्हणून. वर्षभराची वाट, पायाची नस, अण्णांचा हंगाम, सगळं मी एका चादरीवरून ओवाळून टाकलं. डॉक्टरने मांडीवर खाजवलं. या बाजूला, त्या बाजूला, बराच वेळ. मुलं वाकून बघत होती. काही आलं नाही. त्याने कागदावर इंग्रजीत ओळभर लिहिलं आणि अण्णांना म्हणाला, "प्रतिसाद दिसत नाही काका. सहा महिन्यांनी मशीनवर तपासू. पण आशा फार ठेवू नका."

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ फुटले होते माझे. ते बघतच राहिले, वेलीकडे बघायचे तसे.

"पाणी कवा प्यालीस?"

मी ओठांवरून जीभ फिरवली.

"बाई, पाणी कवा प्यालीस?"

"काल सांजच्याला," मी म्हणाले. आणि मग सगळंच सांगितलं. नळीचं, चादरीचं, खोट्याचं. वाटलं, आता भर गाडीत मुस्काटात बसणार. अण्णा उठून खाली उतरले आणि पाण्याची बाटली घेऊन आले. झाकण उघडून माझ्या हातात दिली. मी प्यायले.

"येलीला ताण देतो तो आठ-पंधरा दिसांचा," ते म्हणाले. "तुला म्या आठ वर्सं दिला."

तीन-चार वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला होता. मग ते रडले. समोर मनमाडला जाणारं एक कुटुंब बसलं होतं, त्यातल्या म्हातारीने काही न विचारता आपल्या डब्यातली भाकरी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती घेतली आणि नुसती हातात धरून ठेवली. मला त्यांना म्हणायचं होतं, अण्णा, तुम्ही मला शाळेत ठेवलंत, नाहीतर मी चौथीतच घरी बसले असते. ते खरंही होतं. पण मी म्हणाले नाही, कारण मला त्यांचा रागही येत होता. दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकाच वेळी होत्या, आणि नाशिकरोड येईपर्यंत मी बाटली संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नळी उकळायला ठेवायला निघाली, तर अण्णांनी पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं. "आज नाय." त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मी प्यायले. मग दुसरा ठेवला. आई म्हणाली, "आवो, अंगणभर होईल."

"होऊ दे," अण्णा म्हणाले. "अंगण आपलंच हाय."

दोन तास आम्ही ओसरीवर बसलो. छाटणी तोंडावर आली होती, बाग कोरडी होती, गडी दोनदा विचारून गेला, पण अण्णा उठले नाहीत. पोट फुगल्यासारखं झालं तेव्हा मी काठी टेकत मागच्या मोरीत गेले आणि पत्र्याचं दार लावलं. आई आत यायला निघाली, तिला मी नको म्हणाले. अण्णा दाराबाहेर दगडावर बसले असावेत. त्यांचा कलमाचा चाकू सहाणेवर घासल्याचा आवाज येत होता.

मी खपलीवर नख ठेवलं. ओढलं. पुन्हा ओढलं. काही नाही. मनात आलं, काल चादर वाचवली ती फुकटच, तसंही काही होणार नव्हतं. मांडी झोंबायला लागली. मी तोंडाने शिव्या देत होते, कुणाला ते मलाही माहीत नाही. नख थांबवलं नाही एवढंच.

मग पोटात, खूप खोल, काहीतरी आवळलं. आयुष्यात पहिल्यांदा तिथे मला काही जाणवलं. आणि धार लागली. थेंब नाही, ओघळ नाही, धार. फरशीवर आवाज झाला. नख थांबलं की ती थांबायची, ओढलं की पुन्हा यायची. मी दोनदा थांबवून पाहिलं, फक्त थांबवता येते म्हणून.

बाहेर चाकू घासायचा थांबला होता. अण्णांना आवाज ऐकू गेला असणार, पण जन्मदात्या बापाने मुलीला हे विचारायचं कसं? ते विचारत नव्हते. आईही विचारत नव्हती. तेव्हा मीच दाराआडून ओरडले, "अण्णा, हिरवं हाय!"

मग हंड्यात तांब्या बुडाल्याचा आवाज आला, आणि भरलेला तांब्या कुणीतरी पत्र्याच्या दाराशी, मला वाकायला लागू नये म्हणून उंच दगडावर, जपून ठेवला.